मोडेमची उचकी

शांतवनभाऊंच्या तोंडून 'रीस्टार्ट' हा शब्द मी कधी ऐकला नाही. राहुरीत केबलची कामं करणारी बाकीची मंडळी फोन उचलता उचलताच "बंद करून चालू करा" म्हणायची आणि आपण तोंड उघडायच्या आत ठेवूनही द्यायची. भाऊ आधी चौकशी करायचे. "उचकी लागली का त्याला? घाई करू नका वैनी. दिवे बघा. सगळे जात्यात का एकटाच जातोय?"

सगळे दिवे एकदम गेले तर दुखणं घरातलं, विजेचं. इंटरनेटचा एकटाच दिवा गेला तर दुखणं बाहेरचं, वायरीचं. मोडेम आपला आपण बंद पडतो, आपला आपण सुरू होतो, थोडा वेळ बरा राहतो आणि पुन्हा तेच, या आजाराला त्यांच्याकडे उचकी हा एकच शब्द होता. मला तो तेव्हा नुसता गमतीचा वाटला. पुढे त्या एका शब्दाने आमची चांगलीच फिरकी घेतली, आणि भाऊंचीही.

आता आठवायला बसलं की ते मला नेहमी दुपारीच दिसतात. तीनच्या सुमाराची सुस्तावलेली दुपार असते, गल्लीत चिटपाखरू नसतं, आणि समोरच्या भिंतीवर वायरींच्या सावल्या कुणाच्या लक्षात न येता सरकत असतात. त्या सावल्यांखालून एक काटकुळा, साठीला टेकलेला, डोक्यावर एकही केस नसलेला माणूस जुनी मोपेड ढकलत येतो. मोपेड बिघडलेली नसायची. दुपारी लोक झोपलेले असतात म्हणून गल्लीच्या तोंडाशीच ते ती बंद करायचे आणि पुढचं अंतर चालत यायचे. खांद्याला खाकी पिशवी, शर्टाच्या खिशात पेनाच्या जागी टेस्टर.

त्यांचं आडनाव मला कधी कळलं नाही. माझ्या फोनमध्ये ते 'शांतवन केबल' होते आणि गावातल्या निम्म्या फोनांमध्येही तसेच असावेत. वडील मिशनच्या शाळेत मास्तर होते. त्यांनी मुलाचं नाव मोठ्या विचाराने ठेवलं आणि मुलगा खांबावर चढणारा निघाला. "नाव सांत्वनाचं अन् काम शिव्या खायाचं," असं ते स्वतःच म्हणायचे आणि स्वतःच हसायचे. रविवारी चर्चमध्ये पेटी वाजवायचे. त्याची खूण एवढीच, की कानाशी वायर धरून काही तपासत असले की त्यांची दुसऱ्या हाताची बोटं मांडीवर सूर दाबत असायची.

घरात आल्यावर आधी पाणी. तेही घटाघटा नाही. पेला हातात धरून ते घर ऐकत बसायचे. फ्रिज कधी घरघरतो, पंखा कुठे अडखळतो, शेजारच्यांची मोटार सुरू झाली की आपली ट्यूब कशी मिचमिचते. मला शाळेतून येऊन स्वयंपाकघर आवरायचं असायचं आणि हे गृहस्थ पाहुण्यासारखे बसून राहिले की मनातून मी चडफडायची. मग ते उठायचे आणि मोडेमला बोटांची मागची बाजू लावायचे, तापलेल्या लेकराच्या कपाळाला लावतात तशी. "तळव्याला काम करून घट्टे पडत्यात, वैनी. त्याला ताप कळत न्हाई," हे त्याचं कारण.

गावातल्या सगळ्या वायरी त्यांना सोयऱ्याधायऱ्यांसारख्या पाठ होत्या. "तुमची लाईन पंपामागच्या चिंचंवरून निघती, गिरनीच्या पत्र्यावर जरा टेकती, मंग देशमुखांच्या गच्चीवरून तुमच्याकडं येती. लई गरीब लाईन हाय. कोनाच्या अध्यात न्हाई न् मध्यात न्हाई." एखाद्या वायरीचा स्वभाव गरीब असू शकतो हे मला तोवर माहीत नव्हतं.

थंडीत साखर कारखाना सुरू झाला की भाऊंचा मुक्काम फाट्यावर हलायचा. उसाने अवाच्या सवा भरलेल्या ट्रॉल्या रस्त्यावरून जाताना आडव्या वायरींना घेऊन जायच्या आणि अर्धं गाव आंधळं व्हायचं. भाऊ हातात टोकाला बेचक्यासारखं दुबेळकं असलेला लांब बांबू घेऊन रस्त्याच्या कडेला उभे राहायचे. ट्रॅक्टर आला की बांबूने वायर वर उचलून धरायची, ट्रॉली खालून जाऊ द्यायची, वायर अलगद खाली सोडायची. दिवस कलताना, हवेत उसाचा आणि मळीचा वास भरलेला असताना, मी त्यांना असं कितीदा तरी पाहिलं आहे. एका ड्रायव्हरने म्हणे विचारलं, "मामा, एवढी कसरत करन्यापरीस वायर वरच का बांधत न्हाई?" भाऊ म्हणाले, "वर बांधली तर तू मला कशाला भेटशील?" खरं कारण असं, की वर बांधायला नवी वायर लागली असती आणि मालक ती देत नव्हता. पण हे त्यांनी ड्रायव्हरला सांगितलं नाही.

शिंगणापूरची गोष्ट त्यांच्याच तोंडून ऐकलेली. तिथल्या एका घरातून तक्रार आली, टीव्ही दिसत नाही म्हणून. भाऊ गेले तर घरात कुणीच नाही. घराला दार नाही, नुसती चौकट. आतला टीव्ही रस्त्यावरून दिसतोय. बिघाडही बाहेरूनच कळला होता, पाच मिनिटांचं काम. हे आपले चौकटीबाहेर बसून राहिले. घरधनी शेतातून आला तोवर दोन तास उलटले होते. तो म्हणाला, "आवो आत जायाचं न् करून टाकायचं. आमच्याकडं दार हाय का आडवायला?" यावर भाऊंचं उत्तर, "दार न्हाई, पन उंबरा हाय ना." हे सांगताना त्यांना आपण काही विशेष केलं असं वाटत नव्हतं. ऊन फार होतं, याचीच तक्रार होती.

तर असा हा माणूस आमच्या जिजीच्या आयुष्यात आला.

जिजी म्हणजे माझ्या यजमानांची आत्या. जन्मापासून ऐकू येत नाही, म्हणून बोलणंही नाही. लग्न झालं नाही; भावाबरोबर राहुरीत आली आणि आमचीच होऊन राहिली. तिची थोरली बहीण यमुनाआत्या, तीही तशीच. तिला मात्र भंडारदऱ्याच्या बाजूला, माहेरच्या शेजारच्याच गावात दिलेलं. लहानपणी या दोघींनी हातांची एक भाषा केली होती. ती कुठल्या शाळेत शिकवत नाहीत. जगात ती बोलणाऱ्या दोघीच, आणि मोडकीतोडकी समजणारी मी तिसरी. त्या भाषेत यमुनाआत्याचं नाव म्हणजे नाकपुडीला बोट लावणं, तिच्या मोठ्या नथीवरून.

जिजीचं खुब्याचं हाड मोडल्यापासून तिचं डोंगरावर जाणं संपलं. यमुनाआत्या तर अंथरुणालाच खिळली. मग रोज तीन वाजता, रानातून परत आलेली तिची सून पडवीत फोन धरून बसायची, कारण रेंज तिथेच. आणि इकडे मी टीव्हीच्या मोठ्या पडद्यावर कॉल लावून द्यायची. फोनच्या पडद्यावर जिजीला बोटं नीट दिसत नसत, आणि आमच्या घरात मोबाईलची रेंज उंबऱ्याच्या आत येत नाही. म्हणजे सगळी मदार त्या मोडेमवर. ऐकू येणाऱ्या माणसाचं चित्र अडकलं तरी आवाज येतो. या दोघींचं चित्र अडकलं की सगळंच संपायचं.

त्या रोज एकच गोष्ट सांगत. लहानपणी दोघी करवंदं काढायला गेल्या आणि धुक्यात वाट चुकल्या, ती गोष्ट. सुरुवात यमुनाआत्या करायची, शेवट जिजीने करायचा, असा दोघींचा ठराव. करवंदं, काट्याने फाटलेला परकर, मग दोन्ही हात पसरून डोळ्यांपुढे आणायचे, म्हणजे धुकं. आणि इथे आमचा मोडेम बंद पडायचा. पडद्यावर यमुनाआत्याचे हात धुक्यातच थांबायचे. पुन्हा सगळं सुरू होऊन जोडलं जाईतो तिकडे सुनेची गुरं ओरडायला लागलेली असायची. लग्न होऊन इतकी वर्षं झाली, पण त्या पोरी घरी कशा पोचल्या हे मला माहीत नव्हतं.

या उचकीसाठी भाऊ पहिल्यांदा आले ते ऐन थंडीत. जिजीने भुवया उंचावून विचारलं, काय झालंय याला? तिच्याशी बोलताना लोक उगीच ओरडतात, किंवा माझ्याकडे बघून बोलतात. भाऊंनी यातलं काही केलं नाही. तिच्यासमोर उकिडवे बसले, खांदे उडवले, छातीवर दोनदा बोटं आपटली आणि मोडेमकडे हात केला. उचकी. मग कपाळाला बोट लावून हात लांब डोंगराकडे नेला. कोणीतरी आठवण काढतंय. जिजी एवढी हसली की तिला ठसका लागला. मग तिने नाकपुडीला बोट लावलं. मी भाऊंना अर्थ सांगितला. "मंग बरोबर हाय," भाऊ म्हणाले, "बहीन आठवन काढती म्हनून उचकतोय बिचारा."

त्यांनी अडॅप्टर बदलला. जुना थकला होता, वीज पुरत नव्हती. चार दिवस मोडेम अगदी गुणी बाळ झाला. नेमका तेव्हाच तिकडे सुनेचा फोन बिघडला होता, त्यामुळे गोष्ट काही झाली नाही.

त्या चार दिवसांत जिजीने एक टोपडं विणलं. लाल लोकरीचं, दुहेरी, वर गोंडा, खाली बांधायला नाड्या. तान्ह्या बाळाला गारठ्याने उचकी लागते आणि डोकं झाकलं की थांबते, हे तिला पक्कं माहीत होतं. ते तिने मोडेमला घातलं. आमच्या घरात टीव्हीला झालर आहे, मिक्सरला झबलं आहे, पाण्याच्या पिंपालासुद्धा क्रोशाचा रुमाल आहे, सगळं जिजीच्या हातचं. मोडेमला टोपडं आलं यात मला काही वावगं दिसलं नाही. उलट कौतुकच वाटलं.

पाचव्या दिवशी उचकी परत सुरू.

भाऊ आले. अडॅप्टर तर नवा, म्हणजे आता दोष वायरीचाच असं धरून वायरीचं टोक कापून नवं बसवलं. अर्धा तास बसून राहिले, दिवे स्थिर. गेले, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा उचकी. मग टीव्हीची आणि मोडेमची वायर जिथे फुटते तो जोड काढून टाकला. बसून पाहिलं, काही नाही. गेले, पुन्हा तेच. चिंचेवर चढून पाहिलं तर खारीने वायर कुरतडलेली. तिथपासून आमच्या घरापर्यंत नवी वायर ओढली, मालकाशी भांडून. तरी तेच. "मी आलो की हा शहान्यावानी बसतो," ते म्हणाले. "शाळेत साहेब आल्यावर पोरं बसत्यात तसा. माझी पाठ फिरली का सुरू." पहिल्यांदाच त्यांचा आवाज खाली आला होता. एवढ्या वर्षांत एकही दुखणं त्यांनी अर्धवट सोडलं नव्हतं आणि हे सुटत नव्हतं.

तिकडे यमुनाआत्याचे हात जड होऊ लागले. करवंदांपाशीच तिला दम लागायचा. एकदा सुनेने फोन स्वतःकडे वळवून मला सांगितलं, "डाक्टर म्हनले, आता त्यान्ला आवडंल ते खाऊ घाला." मी जिजीला सांगितलं नाही. सांगायची गरजही नव्हती. बहिणीच्या हातांवरून तिला सगळं कळत होतं. ती अडीचपासूनच टीव्हीसमोर येऊन बसायला लागली, आणि बसायच्या आधी मोडेमचं टोपडं कानांपर्यंत ओढल्यासारखं नीट करायला लागली.

मार्चातल्या एका दुपारी भाऊ फोन न करता आले. मागच्या दाराशी उभं राहून त्यांनी हळूच हाक दिली. "आज त्याला शहानं व्हायला सवडच द्यायाची न्हाई, असं ठरवलं," ते म्हणाले. मी त्यांना आत घेतलं. कॉल सुरू होता, करवंदं होऊन गेली होती. भाऊंची नजर मोडेमच्या फळीवर गेली आणि ते जागच्या जागी थांबले.

"वैनी, हे काय?"

"टोपडं. तुम्हीच म्हणालात ना उचकी लागली म्हणून? जिजीने विणलं."

"कवापास्नं?"

"झाले की दोन महिने."

"अन् मी यायचो तवा?"

"तेव्हा काढून ठेवायची मी. माणूस येणार म्हटल्यावर जरा पुसून, आवरून..."

बोलता बोलताच मला कळलं. मी शिकलेली बाई, पोरांना विज्ञान शिकवते. दोन महिने एका तापणाऱ्या यंत्राला दुहेरी लोकर घालून ठेवली, आणि वैद्य यायच्या वेळी मात्र ती उतरवून, थंड करून, न्हाऊमाखू घालून त्याच्यापुढे ठेवली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

भाऊंनी टोपड्याला बोटांची मागची बाजू लावली. "तुमी न्हाई, मी घातलं की हो हे टोपडं," ते म्हणाले. "आमचं तोंड लई चालतं."

तेवढ्यात दिवे गेले. पडद्यावर यमुनाआत्याचे हात धुक्यात थांबले. जिजी वळली, भाऊंना पाहून नवल करू लागली. भाऊंनी टोपडं काढलं, तर तिने लगेच दंड चोळून दाखवले, गार लागेल त्याला. त्यांनी तिचा हात धरून मोडेमवर ठेवला. जिजीने चटका बसल्यासारखा हात मागे घेतला. एकदा मोडेमकडे पाहिलं, एकदा टोपड्याकडे, एकदा थांबलेल्या बहिणीकडे. तिचा चेहरा पडत गेला. रोज ते बोलणं कोण तोडत होतं हे तिला कळलं होतं, आणि मला तिच्याकडे बघवेना.

भाऊंनी ते लाल टोपडं स्वतःच्या टकलावर चढवलं, नाड्या हनुवटीखाली बांधल्या आणि खांदे उडवून अशी काही उचकी दिली की गोंडा नाचला. मग स्वतःच्या छातीवर बोट आपटलं. उचकी मला लागलीय, चूक माझी. तोवर मोडेम जागा झाला, मी कॉल लावला, आणि भंडारदऱ्याच्या पडवीतल्या यमुनाआत्याला आपल्या बहिणीशेजारी टोपडं घातलेला एक म्हातारा दिसला. ती हसली. किती दिवसांनी हसली म्हणून तिकडे सून रडायला लागली.

त्या दिवशी गोष्ट पूर्ण झाली. भाऊ जमिनीवर बसून वहीच्या पुठ्ठ्याने मोडेमला वारा घालत होते. टोपडं डोक्यावर तसंच. धुक्यानंतर जिजीचे हात सुरू झाले. वडील शोधायला निघाले होते, पण हाका मारून उपयोग नव्हता. पोरींना ऐकूच येत नाही. म्हणून त्यांनी कंदील घेतला आणि तो दर चार पावलांवर घोंगडीने झाकत, उघडत चालले. धुक्यात एकसारखा जळणारा दिवा नजरेतून सुटेल, उघडझाप करणारा सुटणार नाही, असा त्यांचा हिशेब. जिजीची मूठ मिटत होती, उघडत होती. दोघी त्या दिव्याकडे धावल्या. वडील रागावले नाहीत. त्यांनी डोक्याचं मुंडासं सोडलं, दोन्ही पोरींच्या डोक्यांना मिळून एकच गुंडाळलं, कानांवरून ओढलं, आणि तसंच घरी नेलं. शेवटी जिजीने दोन्ही हात स्वतःच्या कानांवर ठेवले. पलीकडे यमुनाआत्यानेही ठेवले. दोघी तशाच बघत बसल्या, कितीतरी वेळ, आणि मोडेमचे दिवे एकदाही हलले नाहीत.

आठ दिवसांनी तीन वाजता पडद्यावर सून एकटीच दिसली. जिजीने तिच्याकडे पाहिलं. नुसते हात कानांवर ठेवले. मला मात्र फार रडू आलं.

टोपडं भाऊ घेऊन गेले होते. "जप्तीचा माल," म्हणत त्यांनी ते खाकी पिशवीत टाकलं होतं. उन्हाळ्यात आमच्या गल्लीत फायबर आलं आणि केबलचा धंदा मालकाने गुंडाळला. जुन्या वायरी उतरवायचं शेवटचं काम भाऊंनी अंगावर घेतलं. स्वतःच ओढलेल्या, दुसऱ्याच्या हातून तुटू नयेत म्हणून. आमच्याकडे आले तेव्हा चिंचेपासूनची सगळी वायर वेटोळं होऊन त्यांच्या खांद्यावर होती.

जिजीने त्यांना नवा डबा दाखवला. छातीवर दोनदा बोटं आपटली आणि हात नकाराचा हलवला. हा उचकत नाही. मग नाकपुडीला बोट लावून पुन्हा तोच नकार, आठवण काढणारीच गेली.

भाऊंनी वेटोळं खाली ठेवलं. पाण्याचा पेला हातात तसाच होता. थोडा वेळ ते घर ऐकत असल्यासारखे उभे राहिले. मग त्यांचे खांदे उडाले. थोड्या वेळाने पुन्हा एकदा. खरीच उचकी लागली असं वाटून मी पुढे झाले, तर त्यांनी हाताने थांबवलं. स्वतःकडे बोट केलं, मग नाकपुडीला लावलं, मग कपाळाला लावून हात पश्चिमेला, डोंगराकडे नेला.

जिजी काठी टेकत जवळ गेली आणि खाकी पिशवीवर टकटक केलं. भाऊंनी टोपडं काढून दिलं. तिने ते त्यांच्या डोक्यावर चढवलं, दोन्ही हातांनी कानांवरून ओढलं आणि नाड्या बांधल्या. बाहेर ऊन मी म्हणत होतं.

भाऊंनी वेटोळं खांद्यावर घेतलं आणि गल्ली झोपलेली होती म्हणून मोपेड ढकलत निघाले. जिजीला दारातून वळणापर्यंतच दिसतं. वळण ओलांडलं की काढतील बिचारे, असं वाटून मी गच्चीवर गेले. ते गिरणीच्या पत्र्यापाशी पोचले होते. घाम पुसायला ते थांबले, मान पुसली, तोंड पुसलं आणि पुढे चालू लागले. टोपडं डोक्यावरच होतं.